रात्री दोन वाजता पडवीत

प्रश्न : डॉक्टरबाई, स. न. वि. वि. माझं वय 47. राहते माशेलला, नोकरी पणजीत, कारकुनाची. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की पोटऱ्यांच्या आत काहीतरी वळवळायला लागतं. दुखत नाही, मुंग्याही नव्हेत. हाडात कुणी सोड्याची बाटली फोडल्यासारखं. पाय हलवला की बरं वाटतं, थांबवला की पुन्हा सुरू. शेवटी उठते आणि पडवीत फेऱ्या घालते. पहाटे चारला डोळा लागतो, साडेपाचला गजर. ऑफिसात फाइल पुढ्यात असताना मान कलंडते, मग बाकीचे खोकतात. संध्याकाळच्या बसमध्ये जागा मिळाली तरी बाणस्तारीच्या पुलापर्यंतसुद्धा बसवत नाही. गेल्या जत्रेचं नाटक पहिला अंकभर चहाच्या टपरीपाशी उभ्यानं बघितलं आणि घरी आले. लाथा बसतात म्हणून नवरा हॉलमध्ये झोपतो. सासूबाईंनी दृष्ट काढून झाली. एका डॉक्टरांनी कॅल्शियम दिलं. दुसऱ्यांनी झोपेसाठी रात्रीची एक बारकी गोळी दिली, तिनं पाय जास्तच चाळवले. हिमोग्लोबिन 12.1 आहे, म्हणून ‘रक्त चांगलं आहे, टेन्शन घेऊ नका’ असं सांगतात. पाळी अजून आहे, गेली दोन वर्षं अंगावरून फार जातं. धाकट्याच्या वेळी शेवटचे दोन महिने पाय असेच करायचे, बाळंतपणानंतर आपोआप थांबले होते. माझं डोकं तर फिरलं नाही ना?
— एक वाचक, माशेल

उत्तर : सोड्याची बाटली वाचली आणि पत्र हातात घेऊनच मी उठून दोन फेऱ्या मारल्या. हे दुखणं माझंही आहे. माझ्या आईचंही होतं. सत्तरी तालुक्यातल्या आमच्या घरी ती रात्री जुन्या लुगड्याच्या पट्ट्या पोटऱ्यांना आवळून बांधायची आणि शेणानं सारवलेल्या गार जमिनीवर पाय घासत बसायची. आम्ही पोरं म्हणायचो, आईला झोपच नको असते. तिच्या हयातीत तिला या दुखण्याचं नाव कळलं नाही.

नाव आहे रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम, म्हणजे चाळवणाऱ्या पायांचा आजार. इंग्लंडच्या थॉमस विलिस या वैद्यानं सतराव्या शतकात याचं वर्णन लिहून ठेवलंय. पुढं स्वीडनच्या एकबोम यांनी 1945 साली ते नीट मांडलं, म्हणून काही डॉक्टर याला विलिस-एकबोम म्हणतात. डोकं फिरायचं म्हणाल तर, तुमचं पत्र इतकं मुद्देसूद आहे की निदान त्यातच आलंय. पाय हलवावेसे वाटतात, बसलं-निजलं की वाटतात, हलवले की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, आणि संध्याकाळनंतर जोर चढतो. या चार गोष्टी जुळल्या, आणि दुसऱ्या कशानं असं होत नाही याची डॉक्टरांनी खात्री केली, की निदान झालं. त्यासाठी एमआरआय लागत नाही. पोटरीत गोळा येतो तेव्हा स्नायू दगडासारखा होतो, तो वेगळा. मधुमेहातली तळपायांची आग चालल्यानं अशी थांबत नाही. फुगलेल्या शिरांचे पाय दिवसभर उभं राहून ठणकतात आणि उशीवर ठेवले की निवतात. तुमचं नेमकं उलट आहे.

आता हिमोग्लोबिन. इथं मला माझीच चूक सांगितली पाहिजे. आरोग्य केंद्रात असताना एक बाई तीनदा आल्या, पाय शिवशिवतात म्हणून. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, हिमोग्लोबिन पाहिलं, ठीक होतं. कॅल्शियम लिहून दिलं आणि वर ‘मन शांत ठेवा’ हा सल्ला फुकट. पुढं माझेच पाय चाळवायला लागले तेव्हा फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, तपासलं. 19. अहवालावर लाल खूण नव्हती, कारण बायकांच्या बाबतीत प्रयोगशाळेची खालची रेघ त्याच्याही खाली असते. त्या बाई पुन्हा आल्या नाहीत.

हिमोग्लोबिन म्हणजे परातीत मळून ठेवलेली कणीक, फेरिटिन म्हणजे डब्यातलं पीठ. परात भरलेली दिसते म्हणून डबा भरलेला असतोच असं नाही. मेंदूला डोपामाइन हे निरोप पोचवणारं रसायन बनवायला लोह लागतं. डोपामाइनचा जोर संध्याकाळनंतर तसाही ओसरतो. त्यात लोह कमी पडलं की पाय बंड करतात. या आजारात फेरिटिन 75 किंवा त्याखाली असेल तर लोह द्यावं असं आता मानलं जातं, मग छापील अहवाल ‘नॉर्मल’ म्हणो. तुमची दोन वर्षांची पाळी आणि गरोदरपणातला तो अनुभव वाचल्यावर मला तुमचा डबा खडखडीत वाटतो. म्हणून सकाळी फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातून लोह किती वाहून नेलं जातंय ते दाखवणारी) या दोन्ही तपासण्या करा, तापात नको, कारण तापात फेरिटिन खोटंच वर जातं. सोबत साखर आणि मूत्रपिंडाची तपासणी होऊ द्या. आणि स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाच. खालून गळत असताना वरून भरण्यात काय अर्थ?

लोहाची गोळी डॉक्टरांनी दिली तरच घ्यायची. अंगात लोह जास्त झालं तर तेही बाधतं. घ्याल तेव्हा लिंबाच्या पाण्याबरोबर घ्या, चहाबरोबर नको आणि त्या कॅल्शियमबरोबर तर मुळीच नको, दोन्ही लोहाला वाट अडवतात. बऱ्याच जणींना दिवसाआड गोळी पुरते, पोटही बिघडत नाही. शौच काळी होते, घाबरू नका. तीन महिने धीर धरा. गोळी सोसली नाही किंवा लागू पडली नाही तर इस्पितळात शिरेतून लोह देतात. तांबडी भाजी, कुळथाचं पिठलं, तिसऱ्या (शिंपल्या) हे सगळं खा, पण केवळ जेवणावर रिता डबा लवकर भरत नाही.

झोपेची ती बारकी गोळी कोणती ते तुम्ही लिहिलं नाही. अ‍ॅमिट्रिप्टिलिन असेल तर तिनंच पाय चाळवले असण्याची शक्यता मोठी. पावसाळ्यात औषधाच्या दुकानातून आणतो त्या सर्दीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या आणि उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड, याच पंगतीतले. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही हे होतं, पण त्या मनानं बंद करायच्या नाहीत, डॉक्टरांशी बोलायचं. गोळीची पट्टी सोबत घेऊन जा.

लोहानं भागलं नाही तर गाबापेंटिन किंवा प्रीगाबालिन ही नसा शांत करणारी औषधं देतात. सकाळी गरगरल्यासारखं होऊ शकतं, पहिले काही दिवस स्कूटर नको. प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल ही दुसरी जात, डोपामाइनसारखं काम करणारी. पहिल्याच रात्री जादू झाल्यासारखी झोप लागते, म्हणून लोक या गोळ्यांवर खूश असतात, मीही होते. दीड वर्षात माझी वळवळ रात्री दहाची संध्याकाळी पाचला यायला लागली आणि हातांतही शिरली. मी गोळी वाढवली, वळवळ आणखी लवकर आली. गोळीच दुखणं वाढवते, हा या औषधांचा ओळखीचा दोष आहे आणि आता ती पहिल्या फळीत ठेवत नाहीत. काही जणांना त्यांनी जुगाराची नाहीतर खरेदीची अनावर ओढ लागते. मांडवी नदीत कॅसिनोच्या बोटी उभ्या असलेल्या आपल्या गोव्यात ही गोष्ट डॉक्टरांनी घरच्यांनाही सांगायला हवी, असं माझं मत. ती गोळी सोडताना मात्र हळूहळू, डॉक्टरांच्या हाताखालीच. मला ते महिने आठवायलाही नको वाटतं.

थकव्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, पण माझ्या मते मूळ दुखणं तेच. पाय रात्री छळतात, थकवा चोवीस तास. पहाटेनंतर पाय शांत होतात, सकाळी सर्वांत गप्प असतात, म्हणजे झोप खरी लागते तेव्हाच तुमचा गजर. आळस कसला त्यात? साहेबांना डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून तासभर उशिरा यायची परवानगी मागून बघा. मिळेलच असं नाही, पण तोंड मिटून डुलक्या काढण्यापेक्षा बरं. बसून करायची कामं सकाळी उरका. इस्त्री, भाकऱ्या, कपडे वाळत घालणं, अशी उभ्यानं करायची संध्याकाळी ठेवा. दुपारची डुलकी तीनच्या आत आणि वीस मिनिटांची, नाहीतर रात्रीची उरलीसुरली झोपही जाईल. चार वाजताच्या चहानंतर चहा नको. लग्नात कुणी ‘घोटभर फेणी घे, गाढ झोपशील’ म्हणेल. झोप लागते खरी, पण मध्यरात्री पाय व्याजासकट वसूल करतात.

रात्री दोनला अंथरुणात झगडत पडू नका. मी उठते, पायांवर गार पाणी ओतते, खोबरेल चोळते आणि पडवीत उभ्यानं शब्दकोडं सोडवते. डोक्याला काम लागलं की पाय जरा विसरतात. नाटकाला रांगेच्या कडेची खुर्ची धरा आणि अंक सुरू असताना उठायची लाज सोडा. आमच्याकडच्या जत्रेत मला सगळे ‘फिरती डॉक्टरीण’ म्हणतात.

नवऱ्याला हे पत्र वाचायला द्या. लाथा झोपेत आपोआप बसतात, या आजारात पुष्कळांना तसं होतं. किती वेळा बसतात हे तुमच्यापेक्षा त्यांना ठाऊक, तेव्हा तपासणीला त्यांनाच सोबत न्या. आणि मुलांना सांगून ठेवा, हे घराण्यात चालत येतं. कुणी पाय हलवत बसला तर त्याला ओरडू नका.

सासूबाईंना दृष्ट काढू दे, त्यांचा जीव आहे तुमच्यावर. फक्त तिन्हीसांजेला पाटावर बसवू नका म्हणावं, उभ्यानं काढा.