गुडघा टेकला म्हणून पोराचं चुकलं का?

प्रश्न: माझा मुलगा १७ वर्षांचा, गावच्या टीममधून फुटबॉल खेळतो. मागच्या महिन्यात समोरच्या टीमकडे एक नायजेरियन खेळाडू होता, त्याच्या पायात बॉल आला की आमच्याच गावची पोरं बाहेरून माकडाचे आवाज काढत होती, एकाने केळ्याची साल पण भिरकावली. पुढच्या मॅचला माझा मुलगा नि त्याचे तीन मित्र शिटी व्हायच्या आधी वर्णद्वेषाचा निषेध म्हणून गुडघा टेकून बसले. आयोजक म्हणाले, इथे राजकारण आणू नका, नाहीतर पुढच्या वर्षी टीम घेणार नाही. आमचे हे पण म्हणतात, आपल्याला कोण काय बोललं नाही, आपण कशाला मधे पडायचं? खरंच चुकलं का त्याचं?
– एक आई, फोंडा

उत्तर: नाही ताई, अजिबात नाही चुकलं. आणि हे "आपण कशाला मधे पडायचं" ऐकलं की मला पीटर नॉर्मन आठवतो.

१९६८ मेक्सिको ऑलिम्पिक, २०० मीटर धावण्याची शर्यत. टॉमी स्मिथ पहिला, जॉन कार्लोस तिसरा, दोघे काळे अमेरिकन, पदकाच्या पायऱ्यांवर वर्णद्वेषाचा निषेध म्हणून बूट काढून नुसत्या काळ्या मोज्यांवर उभे, मान खाली आणि काळा ग्लव्ह घातलेली मूठ वर. कार्लोस आपले ग्लव्हज विसरला होता म्हणून एकच जोडी दोघांत, स्मिथचा उजवा हात वर, कार्लोसचा डावा. फोटोत त्यांच्या पुढे उभा आहे तो गोरा ऑस्ट्रेलियन नॉर्मन, दुसरा आलेला. हात खाली, पण छातीवर त्या दोघांसारखाच मानवी हक्कांचा बॅज, तो त्याने तिथल्या तिथे मागून घेऊन लावलेला. त्याला कुणी काय बोललं होतं? काहीच नाही, तरी लावला. स्मिथ-कार्लोसला टीममधून काढून घरी पाठवलं, नॉर्मनलाही त्याच्या देशात कौतुक मिळालं नाही, तो २००६ला गेला आणि संसदेने माफी मागितली २०१२ला. त्याच्या शवपेटीला खांदा द्यायला मात्र स्मिथ आणि कार्लोस आले होते. हे लिहिताना अजून गळा दाटतो माझा.

आता राजकारणाचं. क्रिकेटर बेसिल डॉलिव्हेरा, नाव ऐकून मडगावचाच वाटेल पण जन्म दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनचा, तिथे गोरा नसलेल्याला देशाकडून खेळताच येत नव्हतं म्हणून इंग्लंडला गेला. १९६८लाच तो इंग्लंडच्या टीममधून परत येणार म्हटल्यावर दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने ती टीमच नको म्हणून सांगितलं, दौरा रद्द. राजकारण आणलं कोणी मग, डॉलिव्हेराने? आपल्या भारताने १९७४ची टेनिसची डेव्हिस कप फायनल दक्षिण आफ्रिकेशी खेळायला नकार दिला आणि कप सोडून दिला, तेव्हा पण खेळात राजकारण नको म्हणणारे होतेच. तुमच्याकडे राजकारण आणलं ते केळ्याची साल भिरकावणाऱ्याने ताई, तुमच्या मुलाने नाही.

मुलाला एक सांगा, पुन्हा असं झालं तर कॅप्टनने लगेच रेफरीकडे जायचं. फिफाच्या पद्धतीत रेफरी मॅच थांबवू शकतो, टीमना मैदानाबाहेर नेऊ शकतो, तरी ऐकलं नाही तर मॅच बंदच करू शकतो. आयोजकांना हेच चार ओळींत लिहून द्या, खाली चौघांच्या पालकांच्या सह्या, ह्यांचीसुद्धा.

आणि त्या नायजेरियन पोराशी कुणी बोललंय का हो? त्याला घरी जेवायला बोलवा एकदा.