कंदीलपुष्पाचा कंद घरी आणावा का?

प्रश्न : गेल्या भाद्रपदात हरिश्चंद्रगडावर कड्यालगतच्या गवतात कंदिलाच्या आकाराचे एक फूल दिसले. सोबतच्या मंडळींनी त्याला कंदीलपुष्प म्हटले. ही वनस्पती दुर्मीळ असेल, तर तिचा कंद आणून घरी कुंडीत जपणे योग्य ठरेल काय? — एक वाचक, नाशिक

उत्तर : आपला हेतू चांगला आहे, तरीही कंद आणू नये, असे मी आग्रहाने सांगेन. कंदीलपुष्पे सेरोपेजिया या प्रजातीत मोडतात. भारतात तिच्या पन्नासहून अधिक जाती आहेत आणि त्यांतील कित्येक सह्याद्रीबाहेर आढळतच नाहीत. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ हूकर यांनी १८८३ साली वर्णन केलेली सेरोपेजिया लॉई हरिश्चंद्रगडासारख्या मोजक्याच ठिकाणी उगवते, तर विशाळगडावर सापडलेल्या जातीला २०२३ साली शिवरायांचे नाव मिळाले.

या वनस्पतीचे परागीभवन फार नाजूक व्यवस्थेवर अवलंबून असते. फुलाच्या गंधाने ओढल्या गेलेल्या बारीक माश्या नळीत घसरतात आणि आतले केस खालच्या दिशेने वळलेले असल्यामुळे त्यांना वर चढता येत नाही. पुढे केस सुकले की माशी सुटते व अंगाला चिकटलेले परागपुंज घेऊन दुसऱ्या फुलाकडे जाते. म्हणजे जवळपास त्याच जातीचे दुसरे झाड फुललेले हवे आणि ती माशीही हवी. घरच्या गच्चीवर यांपैकी काहीच नसते. तिथे कंद जगला, फुललाही, तरी शेंग धरण्याची आशा थोडीच. आणि गडावरच्या आधीच विरळ असलेल्या झाडांतले एक मात्र कायमचे कमी होते. गुराखी हे कंद पूर्वापार खणून खात आले आहेत. त्यात हौशी संग्राहकांची भर पडू नये.

शिवाय खडकावरचा वीतभर मातीचा थर, पावसाळ्यात झिरपणारे पाणी आणि वेलीला आधार देणारे गवत-झुडूप हेच तिचे घर आहे. उन्हाळ्यात गवताला लावलेले वणवे आणि गडावर वाढलेली गर्दी यांमुळे ते झपाट्याने मोडते आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील संशोधकांनी काही जातींची रोपे वाढवली आहेत. लागवडीचे काम अशा जाणत्या हातांतच राहावे.

आपण छायाचित्र जरूर घ्यावे, मात्र झाडाभोवतीचे गवत तुडवू नये आणि नेमकी जागा समाजमाध्यमांवर सांगू नये. जोडशेंगा तडकल्यावर उडणारे म्हातारीसारखे बीही गोळा करू नये, कारण कंद उपटला जाण्याची भीती असलेल्या ठिकाणी पुढची रोपे त्याच बियांतून यायची असतात.