दाद मिळत नाही, मग चित्रं काढायची कशाला?

"मॅडम, कोणी विचारूनच नाही राहिलं, तर मी रंग कशाला कालवू?"

माझ्याकडे समुपदेशनाला आलेले, चाळिशी ओलांडलेले, सरकारी नोकरीतले, नागपूरचेच गृहस्थ. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) दर रविवारी अंबाझरी, फुटाळा तलावांवर नाहीतर झिरो माइलच्या घोड्यांच्या पुतळ्यांसमोर बसून जलरंगात चित्रं काढायचे. दोन प्रदर्शनांनी चित्रं नाकारली, इन्स्टाग्रामवर लाइक्स जेमतेम, आणि मग ब्रश सुटलाच.

ही तक्रार गाणारे, लिहिणारे, विणकाम करणारे असे कितीतरी जण घेऊन येतात. आधी मी झोप, भूक आणि इतर गोष्टींतला रस यांची चौकशी करते. सगळ्यातूनच मन उडालं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला हवं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबरही आहे. यांचं तसं नव्हतं. तर्री-पोहे चवीनं खात होते.

घरचे म्हणत, 'फळाची अपेक्षा ठेवू नका.' मला हा सल्ला कामाचा वाटत नाही. माणूस आधीच खट्टू असतो, त्यात आता कौतुक हवंसं वाटतं याचीही लाज. यांची अडचण निराळीच होती. कागद पुरता वाळायच्या आत फोटो टाकायचा आणि चित्र जमलं की फसलं ते लाइक्सवरून ठरवायचं. स्वतःचं मत बनायला सवडच नाही.

मी त्यांना १९७३ सालचा लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा प्रयोग सांगितला. चित्रं काढायला आवडणाऱ्या चिमुकल्यांपैकी काहींना 'काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल' असं आधीच सांगितलं होतं. पुढे मोकळ्या वेळात हीच मुलं इतरांपेक्षा कमी वेळ चित्रं काढू लागली. ज्यांना बक्षीस अचानक मिळालं, त्यांची आवड मात्र घटली नाही.

मग विचारलं, "शेवटच्या चित्रात अडलं कुठे?" माणूस एकदम खुलला. मे महिना, नऊ वाजताच ऊन चटके देतंय. आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, खालपर्यंत आणेस्तोवर वरचा सुकायचा आणि नको तिथे कड उमटायची. कागद मागूनही भिजवून पाहिला, पहाटे जाऊन बसले, शेवटी ती कडच ढगाची कड करून टाकली. हे सांगताना लाइक्सचा शब्द नाही.

मग ठरलं: चित्र आठवडाभर कोणाला दाखवायचं नाही. वहीत लिहायचं, कुठे अडलं, काय करून पाहिलं, पुढच्या खेपेला काय करायचं. नंतर खुशाल टाका. सुरुवातीला जड गेलं. बायकोला गुपचूप दाखवून झालं. चालायचंच.

यंदाही प्रदर्शनाला चित्र पाठवलंय, निकाल यायचाय. लाइक्स अजून मोजतात. पण मागच्या भेटीत बराच वेळ पावसाळ्यात सुकतच नाही त्या कागदाचं काय करावं, यावरच बोलत होते. मला त्यातलं काही कळत नाही, हे सांगूनही थांबले नाहीत.