हार्वर्डने सरसकट फी माफ करावी का?

प्रश्न असा आहे: हार्वर्डकडे एवढा पैसा पडून आहे, तर पदवीच्या सगळ्याच मुलांची फी माफ का करत नाहीत?

परवडण्याचं म्हणाल तर परवडेल. २०२४ साली त्यांचा निधी ५,३०० कोटी डॉलरच्या घरात होता. पदवीची मुलं साधारण सात हजार, ट्यूशन फी तेव्हा वर्षाला ५६,५५० डॉलर. गोळाबेरीज ४० कोटींच्या आसपास. त्या वर्षी निधीतून खर्चासाठी काढले सुमारे २४० कोटी. (अर्थात हा काही एकच गल्ला नाही. चौदा हजारांवर फंड आहेत आणि बहुतेकांवर देणगीदाराची काही ना काही अट.) २०१६ मध्ये याच मागणीवर पाच जण तिथल्या बोर्ड ऑफ ओव्हरसीअर्सची, म्हणजे विद्यापीठावर देखरेख ठेवणाऱ्या मंडळाची, निवडणूक लढले, ग्राहक चळवळीतले राल्फ नेडरसुद्धा. पाचही पडले.

तेव्हा मी त्यांच्या बाजूने हिरिरीने भांडायचो. आता नाही. तिथल्या निम्म्याहून जास्त मुलांना मदत मिळतेच. २०२५-२६ पासून दोन लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना ट्यूशन फी नाही, एक लाखाच्या आत तर राहणं-जेवणही फुकट, फक्त मालमत्ता फार नसावी. मग सरसकट माफीचा मोठा वाटा कुणाच्या खिशात जाणार? ज्यांना फी जड जातच नाही त्यांच्या.

तरी त्या मागणीत एक मुद्दा खरा होता, तो मला भाचीच्या वेळी कळला. घर कराडजवळ, शेती, शिवाय दाजींची शिक्षकाची नोकरी. वेबसाइटवर एकूण खर्च ८२,८६६ डॉलर बघून दाजी म्हणाले, "बंद कर ते. रान विकून पण व्हायचं नाही." मदत मिळते हे पटवायला मला दोन रविवार लागले. मग सीएसएस प्रोफाइलचा फॉर्म, म्हणजे मदतीसाठी घरचं उत्पन्न आणि मालमत्ता सांगायचा अर्ज. जमिनीची किंमत किती, एवढाच त्याचा प्रश्न. सातबाऱ्यावर नावं सहा, वाटणी तोंडी! शेवटी दाजींच्या वाट्याचे गुंठे काढून, कोण किती कसतं ते एका पानावर इंग्रजीत लिहून सोबत जोडलं.

श्रीमंतांकडून फी घ्याच, माझं काही म्हणणं नाही. पण उत्पन्नाच्या रेषेखालच्या घरांना शून्य हा आकडा पहिल्याच पानावर दिसू दे. आणि तुमच्या मुलासाठी विचारत असाल तर हार्वर्डची ही मदत भारतातल्या मुलांनाही त्याच नियमांनी मिळते. त्यांच्या साइटवरच्या नेट प्राइस कॅल्क्युलेटरमध्ये (मदत वजा जाता आपल्याला किती पडेल त्याचा अंदाज तो देतो) आधी आकडे टाकून बघा, छापील फी नंतर.