नुसता बघत उभा राहतो, मग शिकतो कधी?

प्रश्न : घरात कुणी काही दुरुस्त करत असलं की माझा सात वर्षांचा मुलगा बाजूला उभा राहून नुसता बघतो. एक प्रश्न विचारत नाही. त्याला गोडी कशी लावू?

उत्तर : ताई, गोडी आहे म्हणूनच तर तो तिथून हलत नाही! ‘प्रश्न विचारतो तो हुशार’ हे माप आपण शाळेतून घरी आणलंय. जगात सगळीकडे ते चालत नाही. मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमाला देशात माया नावाचा मूळ रहिवाशांचा समाज आहे, त्यांच्या कुटुंबांत मुलं मोठ्यांची कामं निरखतच शिकतात. मारिसेला कोरेआ-चावेझ आणि बार्बरा रोगॉफ या संशोधकांचा २००९चा अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. एका भावंडाला खेळणं बनवायला शिकवत असताना दुसऱ्याला जवळच थांबवलं होतं. अमेरिकेतल्या युरोपीय वंशाच्या मुलांपेक्षा माया मुलांचं तिकडे जास्त लक्ष होतं, विशेषतः ज्यांच्या आया शाळेत कमी शिकल्या होत्या त्यांचं. पुढे तेच खेळणं बनवायची पाळी आली, तेव्हा निरखून पाहणाऱ्यांना मदत कमी लागली.

तेव्हा व्याख्यान नको, आणि ‘सांग बघू, मी काय केलं?’ अशी परीक्षा तर मुळीच नको. पुढच्या वेळी शेवटचा स्क्रू त्याला आवळू द्या. तिरका गेला तरी स्क्रूड्रायव्हर हातातून काढून घेऊ नका. काम मात्र खरं असू द्या. उगाच गुंतवून ठेवायला दिलेलं काम मुलं लगेच ओळखतात.

वर्गात हात वर करायची सवय वेगळी आहे. तीही लागेल, घाई करू नका.