पंपावर असताना कार्बन डायऑक्साइडची रेघ सपाट का होते?

देवगडच्या ताईंनी विचारलंय: आईच्या हृदयाची मायट्रल झडप बदलायची आहे, फुप्फुसं थांबवतात तेव्हा कार्बन डायऑक्साइड बाहेर कसा पडतो, आणि वाढला तर कळतं कसं? भाच्याने व्हिडिओत मॉनिटरवरची त्याची रेघ सपाट झालेली पाहिली, तेव्हापासून घरात कुणाला झोप नाही.

ताई, मी २२ वर्षं मुंबईत हार्ट-लंग मशीन चालवलं, आता मालवणात घरी असतो. ऑपरेशनात हृदय-फुप्फुसांचं काम करणाऱ्या या मशीनलाच आम्ही पंप म्हणतो. ती रेघ पंपावर सपाटच व्हायची असते.

भूल दिल्यावर श्वासाच्या नळीला कॅप्नोग्राफ, म्हणजे उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र, जोडतात. पडद्यावर प्रत्येक उच्छ्वासाचा एकेक चौकोनी उंचवटा उमटतो. रक्तात कार्बन डायऑक्साइडचा दाब ३५ ते ४५ मिलिमीटर असतो, उच्छ्वासातला आकडा त्याहून साधारण २ ते ५ ने कमी. पण पंपावर घेतलं की रक्त फुप्फुसात न जाता मशीनच्या ऑक्सिजनेटरकडे, म्हणजे कृत्रिम फुप्फुसाकडे, वळतं. मग उच्छ्वासात काय येणार?

ऑक्सिजनेटरमध्ये केसासारख्या बारीक पोकळ नळ्या असतात, आतून वायू, बाहेरून रक्त. त्या वायूला आम्ही स्वीप म्हणतो. स्वीप वाढवला की कार्बन डायऑक्साइड जास्त निघून जातो, कमी केला की साठतो. ऑक्सिजनची टक्केवारी वेगळी लावायची. रक्त लालभडक दिसतंय म्हणून निर्धास्त राहता येत नाही, कारण तो रंग ऑक्सिजनचा. कार्बन डायऑक्साइड डोळ्यांना दिसत नाही. म्हणून सिरिंजमध्ये थोडं रक्त घेऊन एबीजी, म्हणजे रक्तातल्या वायूंची तपासणी, करतात, पंपावर गेल्यावर लगेच आणि मग साधारण दर अर्ध्या तासाने. काही ठिकाणी सर्किटमध्येच सेन्सर असतो.

एवढी राखण मेंदूसाठी. हा दाब १ मिलिमीटरने हलला तरी मेंदूचा रक्तपुरवठा साधारण २ ते ४ टक्क्यांनी बदलतो. फार उतरला तर मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात.

एका केसमध्ये एबीजीत अचानक ५२ आला. स्वीप तेवढाच, ऑक्सिजनेटर व्यवस्थित. माझ्या हाताला घाम फुटला. मग सर्जनच्या बाजूला पाहिलं. हृदय उघडं असताना छातीत मुद्दाम कार्बन डायऑक्साइड सोडतात. तो हवेपेक्षा जड, रक्तात चटकन विरघळतो, त्यामुळे हवेचे बुडबुडे मेंदूत जाण्याचा धोका कमी होतो. छातीत साचलेलं रक्त ओढून घेणारी नळी, म्हणजे सकर, तोच वायू रक्ताबरोबर मशीनमध्ये ओढत होती. सकर हळू केला, स्वीप वाढवला, पुढच्या सॅम्पलला ४१. डोळा सतत त्या आकड्यावर का ठेवायचा, हे मला त्या दिवशी पक्कं कळलं.

पंपावरून उतरवताना फुप्फुसं फुगवतात, रक्त तिकडे वाहू लागतं आणि उंचवटे परत येतात. मायट्रलच्या पेशंटला फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांचा दाब बऱ्याचदा आधीच चढलेला असतो. कार्बन डायऑक्साइड वाढला तर तो आणखी चढतो आणि हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो, म्हणून तेव्हाही एबीजी करतातच.

आता तुमच्याकडचं काम. भूलतज्ज्ञ विचारतील तेव्हा "आईला कसलं व्यसन नाही" एवढ्यावर थांबू नका. किती वर्षं चुलीपुढे बसली, काजू भाजताना धूर घेतला का, पावसाळ्यात दम लागतो का, सगळं सांगा. अशा फुप्फुसांत मॉनिटरचा आकडा आणि रक्तातला आकडा यांत अंतर जास्त पडू शकतं. त्यांना आधी माहीत असलं की ते पडद्यावर विसंबणार नाहीत, रक्त तपासतील. कणकवलीला गाडीत बसण्याआधी तिचे जुने छातीचे एक्स-रे आणि दम्याचा पंप वापरत असेल तर तोही पिशवीत टाका.