‘ती मनापासून पळतच नाही’

“मॅडम, हिच्या पायात वेग आहे, पण ही मनापासून पळतच नाही. आळस म्हणायचा की काय?” ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत बसून एक आई विचारत होत्या आणि शेजारी त्यांची सातवीतली मुलगी खिडकीबाहेर बघत होती. मुलगी खो-खो खेळणारी. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) हाच प्रश्न माझ्याकडे सारखा येतो, क्रिकेटवाल्यांचा, पोहणाऱ्यांचा, म्हणून हा अनुभव लिहिते आहे.

पाचवीत ती वर्गात सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत चपळ होती. घरी लाडाचं नाव पडलं ‘वीज’. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली आपल्या मुलींनी तो जिंकला आणि घरातल्यांनी त्या जागी आपल्या पोरीला पाहायला सुरुवात केली. सातवीपर्यंत बाकीच्या मुली तिच्या बरोबरीला आल्या. मग सरावाच्या दिवशी पोटात दुखू लागलं.

पोटदुखी आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा, असं मी सांगितलं. दुखणं मनाचंच आहे असं धरून चालणं मला धोक्याचं वाटतं. त्यांच्या तपासणीत काही निघालं नाही, तेव्हा आम्ही बोलायला बसलो.

पहिल्या भेटीत ती गप्पच होती. दुसऱ्या भेटीत मी कागद पुढे केला आणि मैदान काढायला सांगितलं. दोन खांब, मधली पाटी, आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेल्या आठ जणी, सगळं नेटकं काढलं. तू कुठे, विचारल्यावर तिने पेन्सिल खाली ठेवली. बऱ्याच वेळाने म्हणाली, “पूर्ण जोर लावून पळाले आणि तरी मागे राहिले, तर सगळ्यांना कळेल ना.”

आळशी मूल असं बोलत नाही. थोडं राखून पळालं की हरल्यावर सांगायला कारण उरतं आणि ‘वीज’ हे नाव शाबूत राहतं. ते नाव तिला घरच्यांनी प्रेमानेच दिलं होतं, पण ते टिकवायचं ओझं तिच्या एकटीवर पडलं होतं.

१९९८ मध्ये क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या संशोधिकांनी पाचवीच्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. कोडी सुटल्यावर काहींना ‘तू हुशार आहेस’ म्हटलं, काहींना ‘तू कष्ट घेतलेस’. नंतर मुद्दाम अवघड कोडी दिली. त्या अपयशानंतर पुन्हा सोपी कोडी आली, तेव्हा हुशार म्हटलेल्या मुलांची कामगिरी आधीपेक्षा घसरली आणि कष्टाचं कौतुक झालेल्यांची सुधारली. प्रयोग कोड्यांचा होता, मैदानावरचा नव्हता, हे खरं. तरी त्या मुलीचं वाक्य ऐकताना मला तोच आठवला.

आईंना मी आणखी एक गोष्ट समजावली. मुलींचं वयात येणं साधारण ८ ते १३ या वर्षांत कधीही सुरू होतं. जी लवकर वाढते ती काही काळ पुढे दिसते, मग इतर जणी तिला गाठतात. “म्हणजे ती कमी पडली नाही?” त्यांनी विचारलं. “नाही ताई. तिच्या मैत्रिणी वाढल्या.” त्यांचे डोळे भरून आले.

एका संध्याकाळी मी सराव बघायला गेले. खो-खोत पाठलाग एकीचा असतो, पण बसलेल्या आठ जणींची मेहनत कुणी मोजत नाही. चवड्यावर तयार बसणं, नजर पळणाऱ्या गड्यावर ठेवणं, पाठीवर हात पडून ‘खो’ ऐकू आल्याशिवाय न उठणं आणि आला की क्षणभरही न दवडणं. यात जन्मजात वेगाचा वाटा थोडा, लक्षाचा फार. प्रशिक्षकांशी बोलून आम्ही तिच्या वहीत दोनच गोष्टी लिहायच्या ठरवल्या: खो मिळाल्यावर लगेच उठले का, आणि माझा खो फाऊल गेला का. किती गडी टिपले, हा रकाना मुद्दाम ठेवला नाही. आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती, हेही ठरलं. मेहनत म्हणजे रोज पोरीला पिळून काढणं असं काही पालकांना वाटतं, ते मला बिलकूल मान्य नाही.

सगळ्यांत अवघड काम आईंकडे होतं. परतीच्या रिक्षात ‘किती जणींना बाद केलंस?’ हा प्रश्न विचारायचा नाही.

दोन महिन्यांनी आंतरशालेय संघ जाहीर झाला. बारा जणींत तिचं नाव होतं, पहिल्या नऊ जणींत नव्हतं. त्या दिवशी आई तीन हात नाक्यापर्यंत काहीच बोलल्या नाहीत; हे त्यांनी मला नंतर सांगितलं. सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा मुलगीच म्हणाली, “आई, आज एकही खो फाऊल नाही गेला. पण एकदा उशिरा उठले. मला हळू आवाजातला खो ऐकू येत नाही, उद्या सरांना सांगते की जोरात खो द्यायला सांगा सगळ्यांना.”